अजिंठ्याचं विमान

थंडी पडू लागली की बिहारमधल्या गयेच्या विमानतळावर बँकॉकहून विमानं उतरायला लागतात. यांगूनहून येतात, भूतानच्या पारोहून येतात. ऑक्टोबर ते मार्च हा तिथला हंगाम. विमानातून उतरलेला यात्रेकरू थोड्याच वेळात बोधगयेला, महाबोधी मंदिरापाशी असतो. उन्हाळा आला की ही वर्दळ ओसरते आणि पावसाळा उलटला की पुन्हा सुरू होते. गया हे काही कारखान्यांचं शहर नाही, श्रीमंतांचं तर नाहीच. पण तिथे जे आहे त्यासाठी जग येतं, आणि थेट येतं.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळापासून वेरूळ तास-सव्वा तासावर आणि अजिंठा शंभरेक किलोमीटरवर आहे. दोन्ही लेण्या १९८३ साली, एकाच वर्षी, जागतिक वारशाच्या यादीत गेल्या. इतक्या जवळ जवळ दोन जागतिक वारसे असलेली शहरं देशात थोडीच आहेत. तरी इथे परदेशातून येणारं नियमित प्रवासी विमान नाही. बँकॉकचा किंवा कोलंबोचा माणूस मुंबईत उतरतो, तिथे एक रात्र घालवतो, मग दुसरं विमान नाहीतर रात्रीची गाडी पकडतो आणि आमच्यापर्यंत येतो तेव्हा त्याच्या सहा-सात दिवसांच्या यात्रेतला दीड दिवस रस्त्यातच गेलेला असतो. बहुतेक जण हा हिशेब घरीच करतात आणि अजिंठा पुढच्या वेळेवर ढकलतात.

हा अन्याय आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. दिल्लीने आमच्याकडे पाहिलं नाही, परवानगी दिली नाही, असं इथे सगळेच बोलतात. मग एकदा जुनी यादी नीट वाचली. ऑक्टोबर २००३ मध्ये बालीला आसियानची, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या संघटनेची, परिषद झाली, त्या वेळी भारताने या देशांच्या विमान कंपन्यांना देशातली अठरा पर्यटनस्थळं मोकळी करून दिली. या अठरा ठिकाणी हवी तेवढी विमानं आणा, आसनांची मर्यादा नाही. त्या यादीत गया आहे, वाराणसी आहे, अमृतसर, जयपूर, कोची, तिरुचिरापल्ली, विशाखापट्टणम आहे, आणि औरंगाबादही आहे. मुंबईच्या खिडकीतून न जाता थाई किंवा सिंगापूरच्या कंपनीने थेट चिकलठाण्याला उतरावं, हा हक्क वीस वर्षांहून जास्त काळ कागदावर पडून आहे.

त्याच यादीतली बाकीची शहरं काय करत होती? अमृतसरला सिंगापूरहून विमान येतं, कारण पंजाबची माणसं जगभर आहेत आणि ती सिंगापुरात विमान बदलून ऑस्ट्रेलियापर्यंत जातात. तिरुचिरापल्लीला सिंगापूर आणि मलेशियाची विमानं भरून येतात, कारण तिथल्या तमिळ घरांतला कोणी ना कोणी तिकडे कामाला आहे. विशाखापट्टणमला २०२४ मध्ये बँकॉकचं विमान सुरू झालं. कोचीचं तर बोलायलाच नको. म्हणजे पर्यटकांच्या नावाने यादी झाली, पण विमान आधी भरलं ते त्या त्या गावच्या आपल्या माणसांनी. पर्यटक त्यांच्या मागून, रिकाम्या राहिलेल्या आसनांवर आला.

आमच्याकडची माणसं आग्नेय आशियात फारशी नाहीत. ती आखातात आहेत, दुबई-शारजात आहेत, मक्का-मदिनेला जाणारी आहेत. २००८ मध्ये नव्या इमारतीचं उद्घाटन व्हायच्याही आधी इथून हजला जाणारी विमानं थेट जेद्दाला उडाली होती. तो आठवडा शहरातल्या कितीतरी लोकांना अजून आठवतो. मराठवाड्यातल्या गावागावांतून लोक आपल्या आई-वडिलांना पोहोचवायला आले होते, विमानतळाबाहेर जत्रेसारखी गर्दी. पासपोर्ट तपासणारे अधिकारी, कस्टमचे अधिकारी, आरोग्य तपासणी, सगळं त्या हंगामापुरतं उभं राहिलं आणि चाललं. जे काम हंगामापुरतं करता येतं ते पुन्हा करता येतं, हे त्यातून सिद्ध झालेलं आहे. आंतरराष्ट्रीय विमानासाठी लागतं ते एवढंच: सीमाशुल्क खात्याची अधिसूचना, गृह खात्याची इमिग्रेशनची चौकी, आरोग्य खात्याचे लोक, आणि विमान ज्या वेळी येईल त्या वेळी सुरू असलेला हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष. यातलं अवघड काहीच नाही. अवघड आहे ते विमानात बसणारं माणूस.

धावपट्टीबद्दलही थोडं बोललं पाहिजे, कारण सभांमध्ये तिचाच विषय सर्वात जास्त निघतो. बँकॉक इथून पावणेतीन हजार किलोमीटर, कोलंबो जेमतेम दीड हजार. मुंबई-दिल्लीचं जे छोटं विमान रोज इथे उतरतं, त्याच जातीचं विमान हे अंतर एका दमात कापतं. मोठ्या धावपट्टीची गरज मालवाहू आणि रुंद विमानांना आहे; अजिंठ्याच्या यात्रेकरूला नाही. वाढीव धावपट्टीसाठी चिकलठाणा आणि मुकुंदवाडीच्या बाजूच्या जमिनी घेण्याचं चाललं आहे. तिथे घरं आहेत, चाळी आहेत, आयुष्यभराच्या कमाईने घेतलेले प्लॉट आहेत. सुरक्षेसाठी जागा लागते, हे या शहराला कोणी शिकवायला नको. २६ एप्रिल १९९३ ला उड्डाण करणारं इंडियन एअरलाइन्सचं विमान धावपट्टीच्या टोकापलीकडच्या रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकलं आणि ५५ माणसं गेली. त्या दुपारचं बोलणं आमच्या घरात अजून निघतं. त्यामुळे जागा हवी तर घ्या, पण ज्यांची घरं जातील त्यांना आधी मोबदला मिळावा आणि विमानतळावरच्या नोकऱ्यांत पहिला हात त्यांचा असावा. अजिंठ्याचं विमान मात्र त्या भूसंपादनासाठी थांबवून ठेवू नये. ते आहे त्या धावपट्टीवर उतरू शकतं.

माझं आजोळ सोयगाव तालुक्यातलं. अजिंठ्याच्या लेण्या त्याच तालुक्यात येतात. माझा मावसभाऊ फर्दापूरला, जिथे सगळ्यांना आपली गाडी सोडून एसटीच्या बसने लेणीकडे जावं लागतं, तिथे दगड विकतो. दगड म्हणजे गारगोट्या, बेसाल्टच्या पोटात सापडणारे पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक. जर्मन आणि जपानी माणसं त्याच्यासाठी वेडी असतात. त्याला जपानीत दहापर्यंत आकडे येतात, ‘स्वस्त’ येतं, ‘पुन्हा या’ येतं. मागच्या दिवाळीत मी त्याला थेट विमानाचं विचारलं, तर म्हणाला, “ताई, विमान येऊ दे की. पन माणूस थांबला पाह्यजे. इथं दहाला येतो, दोनला जातो. निम्मा येळ बशीत. त्याचा गाईड घड्याळ बघत उभा. मग तो माझा दगड हातात तरी घेईल का?”

मला वाटतं, विमान आणि शहराची कमाई यांच्यामधली खरी गोष्ट मावसभावाने सांगितली. अजिंठ्याचा परदेशी पाहुणा साधारण असा येतो: सकाळच्या विमानाने उतरतो, दुपारी वेरूळ आणि बिबी का मकबरा, रात्री हॉटेल, दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे अजिंठा, आणि तिथूनच जळगावला जाऊन गाडी धरतो. म्हणजे शहरात एक मुक्काम. काही गट तर जळगावहून येतात आणि जळगावलाच जातात, आमचं शहर त्यांच्या पायाला लागतच नाही. एका मुक्कामात पैसा मोठ्या हॉटेलात आणि मुंबईच्या ट्रॅव्हल एजन्सीत संपतो. दुसरा मुक्काम पडला की मग तो खाली झिरपतो. मग पाहुणा संध्याकाळी बाहेर पडतो, हिमरू कापडाच्या मागावर कारागीर कसा बसतो ते पाहतो, पैठणला जाऊन पैठणीचा पदर विणताना बघतो, नान-खलिया खातो. गाडीवाल्याला दुसऱ्या दिवसाचा भत्ता मिळतो, कपडे धुणाऱ्याला कपडे मिळतात, गाईडला घड्याळ बघावं लागत नाही. हिमरू विणणारी घरं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांना वाचवायला अनुदानापेक्षा संध्याकाळी दारात आलेलं गिऱ्हाईक जास्त उपयोगाचं आहे.

थेट विमानाने हा दुसरा मुक्काम मिळू शकतो, आणि म्हणूनच मी त्याच्या बाजूने आहे. मुंबईतला वाया गेलेला दिवस वाचला तर तो इथे पडेल. पण त्यासाठी विमानाचे वार जपून ठरवावे लागतील. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. हे गावात पोरालाही माहीत आहे, तरी परदेशातून ठरवलेल्या सहलींत ते विसरलं जातं आणि चार-पाच हजार किलोमीटरवरून आलेली म्हातारी माणसं बंद फाटकासमोर उभी राहतात. आठवड्यात दोनच विमानं येणार असतील तर ती बुधवारी आणि शनिवारी यावीत. बुधवारी उतरलेला शनिवारी परत जाईल, गुरुवार-शुक्रवार त्याच्या दोन्ही लेण्या होतील. शनिवारी आलेला रविवारी अजिंठा करेल, सोमवारी वेरूळ, मंगळवार शहरासाठी आणि पैठणसाठी मोकळा. एवढ्या छोट्या गोष्टीवर कितीतरी मुक्काम अवलंबून आहेत.

आणि रस्ता. अजिंठ्याचा रस्ता चौपदरी करायला खणला गेला आणि वर्षानुवर्षं तसाच राहिला, तेव्हा शंभर किलोमीटरला चार-चार तास लागत होते. एका ओळखीच्या गाईडने, जो जपानी गटांबरोबरच आयुष्यभर राहिला, मला सांगितलं की त्या काळात त्याच्या जपानी पाहुण्यांपैकी कित्येकांनी पुढच्या गटांना कळवलं, अजिंठा टाळा. भाषा शिकायला त्याला आठ-दहा वर्षं लागली होती. रस्त्याने ते सगळं दोन हंगामांत धुऊन नेलं. त्यातच एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि आमची नेहमीची विमानं गेली. मुंबई-दिल्लीसाठी शहर एकाच कंपनीवर आलं. मग करोना. या तिन्हींच्या मधून जे गाईड, जे डोलीवाले, जे छोटे लॉजवाले टिकले, त्यांच्याविषयी मला फार आदर वाटतो. कोणत्याही योजनेत त्यांचं नाव नसतं.

इमारत बांधली की विमान येतं, हा समज सोडला पाहिजे. २० ऑक्टोबर २०२१ ला पंतप्रधानांच्या हस्ते कुशीनगरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. बुद्धाचं महापरिनिर्वाण जिथे झालं ते गाव. पहिलं विमान कोलंबोहून शंभरावर भिक्खू आणि पाहुणे घेऊन आलं. त्यानंतर परदेशी विमानांची नियमित ये-जा तिथे रुजली नाही. गयेला रुजली, कुशीनगरला नाही. मला त्यातलं कारण असं दिसतं की बोधगयेत थाई, जपानी, भूतानी, श्रीलंकन, प्रत्येक देशाचा आपला विहार आहे, आपली धर्मशाळा आहे, आपल्या चवीचं जेवण आहे. यात्रेकरू ओळखीच्या घरी उतरतो आणि आठवडा राहतो. यात्रेकरू आणि पर्यटक यांत हाच फरक. पर्यटकाला पंचतारांकित खोली लागते, यात्रेकरूला स्वच्छ आंघोळीची जागा, साधं जेवण आणि बसायला शांत ओटा लागतो. आणि तो गटाने येतो, दरवर्षी येतो, गावाकडे जाऊन पुढच्या गटाला सांगतो.

इथेच आमच्या शहराकडे जे आहे ते गयेकडेही नाही, असं मी ठामपणे म्हणेन. बिहारमध्ये बौद्ध यात्रेकरू येतो तेव्हा त्याच्या स्वागताला उभा असलेला स्थानिक समाज बहुतेक वेगळ्या धर्माचा असतो. मराठवाड्यात गावोगाव बुद्धविहार आहे. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे मिलिंद महाविद्यालय काढलं, त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात औरंगाबादच्या बौद्ध लेण्या आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अख्खा दिवस माणसांचा पूर लोटतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये इथे भरलेल्या धम्म परिषदेला दलाई लामा आले होते, तेव्हा खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेल्या बायका मैदानावर तासन्‌तास बसल्या होत्या. चौका गावाच्या बाजूला विहार आहे, तिथे थाई भिक्खू येत-जात असतात. २०२३ च्या सुरुवातीला थायलंडचे शंभरेक भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी चालत गेले. वाटेतल्या गावांनी रस्ते झाडून, फुलं टाकून त्यांना जेवू घातलं.

अजिंठ्याची सगळी जाहिरात बाहेरच्या जगाला ‘प्राचीन चित्रकला’ म्हणून केली जाते. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी जॉन स्मिथ शिकारीला गेला आणि दहाव्या लेणीची कमान त्याला दिसली, तिथून गोष्ट सुरू होते आणि पद्मपाणीच्या चित्रावर संपते. चित्रं अलौकिक आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण सव्विसाव्या लेणीत उजव्या कुशीवर निजलेल्या बुद्धासमोर मी थाई बायकांना गुडघे टेकून रडताना पाहिलं आहे, आणि त्याच वेळी आमच्याकडच्या, जालना-परतूरकडून आलेल्या नऊवारीतल्या बायका त्यांच्या शेजारी बसून त्रिसरण म्हणू लागल्या. पाली शब्द तेच, चाल वेगळी. दोन्हीकडच्या बायकांना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं आणि त्या एकत्र म्हणत होत्या. जाहिरात करायची तर ही करा. तुमच्या धर्माचं तीर्थ इथे आहे आणि ते तीर्थ जगणारी माणसंही इथे आहेत, असं बँकॉक आणि कोलंबोला जाऊन सांगता येईल असं देशात दुसरं शहर मला माहीत नाही.

चित्रांची काळजीही घ्यावी लागेल. माणसांच्या श्वासाने लेणीतली दमट हवा वाढते, म्हणून महत्त्वाच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडतात. आमच्या पुढाऱ्यांना ‘लाखो पर्यटक’ हे शब्द फार प्रिय आहेत. अजिंठा लाखोंसाठी घडलेला नाही, तो पावसाळ्यात वर्षावासाला थांबणाऱ्या भिक्खूंसाठी घडला. तेव्हा थोडी माणसं, जास्त दिवस थांबणारी, हाच एक मार्ग आहे. अजिंठ्याजवळ जपानी कर्जातून लेण्यांच्या प्रतिकृती असलेलं पर्यटक केंद्र उभं राहिलं होतं. मूळ लेणीत गर्दी न करता सावकाश पाहता यावं म्हणून. ते वीज-पाण्याच्या थकबाकीत बंद पडलं. विमान मागायला दिल्लीला जाणाऱ्या शिष्टमंडळाने आधी त्या केंद्राचं कुलूप उघडून घ्यावं.

आता समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झाला आहे. मुंबईहून मोटारीने पाच-सहा तासांत माणूस इथे पोहोचतो. काही जण म्हणतात, मग थेट विमान कशाला? मुंबईत उतरा आणि गाडीने या. जपानहून एकटा येणारा चित्रकार तसं करील. सत्तरीतल्या चाळीस बायकांचा श्रीलंकेतला गट रात्री दोनला मुंबईत उतरून सहा तास बसमध्ये बसणार नाही. त्यांना गया चालते, कारण गया दारात आहे.

म्हणून मागणी साधी आणि नेमकी असावी असं मला वाटतं. वर्षभराच्या विमानासाठी हट्ट नको. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, चार महिने, आठवड्यात दोन विमानं, आधी चार्टर म्हणून. एका फेरीत गयेला उतरून दुसऱ्या फेरीत इथून परत, असंही जमेल. परदेशी कंपनीला गया ते संभाजीनगर असं आपलं देशांतर्गत तिकीट विकता येत नाही, पण मधला हा टप्पा आपल्या कंपनीने चालवला तर एका यात्रेत बोधगया आणि अजिंठा दोन्ही होतात. रिकाम्या आसनांचा तोटा पहिली दोन वर्षं राज्याच्या पर्यटन खात्याने सोसावा. त्याच काळात विहारांनी आपल्या धर्मशाळा तयार कराव्यात, पन्नास मुलामुलींना थाई आणि सिंहली शिकवावी. मिलिंदमध्ये पालीचे विद्यार्थी आहेतच, त्यांच्याइतका चांगला गाईड कोणाला मिळणार?

राहिला परतीच्या फेरीचा प्रश्न, कारण विमान एका बाजूने भरून चालत नाही. कंपनीचा माणूस पहिल्यांदा हेच विचारेल. आमच्या कॉलनीतल्या विहाराच्या महिला मंडळाने दोन वर्षांपासून श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षासाठी भिशी लावली आहे. धुणीभांडी करणाऱ्या आहेत, अंगणवाडीच्या सेविका आहेत, एक निवृत्त नर्स आहे. पासपोर्ट सगळ्यांचे काढून झाले आहेत. त्या मुंबईहून जाणार आहेत, कारण दुसरी सोय नाही. कोलंबोची कंपनी इथे येऊन विचारेल की तुमच्या गावातून आमच्याकडे येणार कोण, तेव्हा उद्योजकांच्या याद्या दाखवण्याआधी तिला या बायकांची नावं द्यावीत.